वायरलेस संच घेण्याआधी एकदा लूम शेडमध्ये या: सोलापूर महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
मा. अग्निशमन अधिकारी, अग्निशमन विभाग,
आणि खरेदीच्या टिपणीवर ज्यांची ज्यांची सही लागते ते सर्व.

विषय: अग्निशमन जवानांच्या हातातले वायरलेस संच ॲनालॉग असावेत की डिजिटल, याबाबत.

महोदय,

जुने ॲनालॉग वॉकीटॉकी मोडीत काढून डिजिटल घ्यायचे, हा विषय आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. बाजारात मिळणारे नवे व्यावसायिक संच बहुतेक डिजिटलच आहेत, जुन्यांचे सुटे भाग शोधताना आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या नाकी नऊ येतात, आणि टिपणीत 'डिजिटल' असं लिहिलेलं असलं की फाईलही जरा लवकर सरकते. प्रात्यक्षिक कसं होतं तेही मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. विक्रेता एक सेट साहेबांच्या हातात देतो, दुसरा शिपायाला देऊन गेटवर पाठवतो. "हॅलो, येतोय का आवाज?" आवाज येतो, खरखर औषधालाही नाही. साहेब खूश. चहा येतो.

केबिन आणि गेट यांच्यामध्ये आग नसते, धूर नसतो, पंप चालू नसतो आणि शिपायाच्या तोंडावर मास्क नसतो. माझं सगळं म्हणणं एवढ्या फरकाबद्दल आहे.

मी कोण ते आधी सांगतो. वायरलेस संच दुरुस्त करणं हा माझा धंदा. साखर कारखाने, गोडाऊनचे वॉचमन, बांधकामावरचे क्रेनवाले यांचे सेट माझ्या बाकावर येतात. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन आहे, त्यामुळे दिवसभर पोटासाठी जे करतो तेच रात्री हौसेने करतो. मी संच विकत नाही, कुठल्या कंपनीची एजन्सी घेतलेली नाही. डिजिटलशी वैरही नाही; घरच्या टेबलावर डीएमआर या डिजिटल पद्धतीचा संच आहे आणि तो मला आवडतो. तरीही मागणी अशी आहे: आगीच्या जागेवर, आत शिरलेला जवान आणि बाहेर उभा असलेला त्याचा अधिकारी यांच्यातलं बोलणं थेट सेटवरून सेटवर आणि ॲनालॉगवर ठेवा. केंद्र ते कंट्रोल रूम, गाडी ते गाडी, तिथे डिजिटल खुशाल आणा. आणि निविदा काढण्याआधी संच सोलापुरातल्याच इमारतींत, मास्क लावून, पंप चालू ठेवून तपासा. पास-नापास जवानांना ठरवू द्या.

सोलापुरातल्याच इमारतींत असं मुद्दाम म्हणतोय. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचं खापर वायरलेसवर फोडायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण आपल्याकडची आग कशी असते, हे त्या दिवशी सगळ्या गावाने पाहिलं. कारखाना आणि राहतं घर एकाच आवारात. सूत आणि टॉवेलचे गठ्ठे वरून विझले तरी आतून धुमसत राहतात. धूर इतका की हातातली बॅटरी निरुपयोगी. अशा जागी जवानाला दिसत काहीच नाही. त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा एक पाण्याचा होज असतो आणि दुसरा असतो वायरलेस.

आता कारणांकडे येतो. ॲनालॉग एफएममध्ये सिग्नल कमी होत गेला की खरखर वाढत जाते. सरावलेला कान त्या खरखरीतूनही 'जिना', 'खिडकी', 'पाणी बंद' एवढं निवडून घेतो. शिवाय खरखर वाढली की आत असलेल्यालाही उमगतं की आपण पल्ल्याच्या टोकाला आलोय. डिजिटलमध्ये सिग्नल घसरला तरी आवाज बराच वेळ स्वच्छ राहतो, कारण चुकलेले बिट संच स्वतः दुरुस्त करून घेत असतो. त्या दुरुस्तीची मर्यादा संपली की शब्द तुटतात आणि पुढच्या दोन-चार पावलांत सगळंच गप्प. सिद्धेश्वर तलावाच्या घाटावरून उतरताना एकेका पायरीने पाणी जवळ येताना दिसतं; भुईकोट किल्ल्याच्या तटावरून खंदकात उतरायला तशी पायरी नाही. मोकळ्या मैदानात डिजिटलचा स्वच्छ पल्ला ॲनालॉगपेक्षा जास्त भरतो, हे मी नाकारत नाही. तळघरात आणि पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तो काठ कुठे आहे ते माणसाला कळत नाही, आणि आत गेलेला माणूस सारखा त्या काठावरच असतो.

पल्ल्याहून मोठी भानगड गोंगाटाची. ती विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात कधीच दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲनालॉग सेट माइकवर जे पडेल ते तसंच पुढे ढकलतो, बोलणंही आणि कालवाही. डिजिटल सेटमध्ये व्होकोडर, म्हणजे आवाज आवळून आकड्यांत बदलणारा भाग, असतो. डीएमआर पद्धतीत 12.5 किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं चालतात, 30-30 मिलीसेकंदांच्या पाळ्या लावून. एवढ्या अरुंद जागेत आवाज बसवायचा तर तो आवळावा लागतो. दूरध्वनीच्या साध्या डिजिटल लाइनवर आवाजाला सेकंदाला 64,000 बिट मिळतात. डीएमआरमध्ये प्रत्यक्ष बोलण्याच्या वाट्याला येतात 2,450. मग व्होकोडर असं धरून चालतो की माइकसमोर एकच माणूस आहे आणि तो बोलतोय. त्याचा स्वर केवढा, जोर किती, कुठलं अक्षर घशातून आलं आणि कुठलं नुसत्या श्वासातून, एवढं मोजून तो ते आकडे पाठवतो. पलीकडचा सेट त्या आकड्यांवरून आवाज नव्याने तयार करतो. माइकसमोर माणसाच्या जोडीला करवत, इंजिन किंवा शिट्टी असली की मोजमापच फसतं. पलीकडे जे तयार होतं ते धड माणसाचं नसतं आणि धड करवतीचंही नसतं.

हे कागदावरचं ज्ञान सोलापुरात तपासायला फार लांब जावं लागत नाही. अक्कलकोट रोडला एका ओळखीच्या कारखानदाराच्या शेडमध्ये मी ते करून पाहिलं. संच एकच, चॅनेल बदलायची चकती एका खाचेवर ॲनालॉग, पुढच्या खाचेवर डिजिटल. वर पत्रा, खाली लूम चालू, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागेल असा खडखडाट. आत एक कामगार सेट घेऊन उभा, बाहेर आवारात मी आणि त्याचा भाऊ. ॲनालॉगवर लूमची खडखड जशीच्या तशी आली आणि तिच्यावरून त्याचं ओरडणं: "तीन नंबरचा लूम बंद कर." कान किटले, पण वाक्य कळलं. डिजिटलवर खडखड बरीच दबली होती. ऐकायला उलट बरंच वाटत होतं. फक्त वाक्य हरवलं होतं. भाऊ सेट कानाला लावून ओरडला, "काय बोललालास बे, काय कळंना!" मग आतल्याला माइक अगदी ओठांशी नेऊन, त्यावर तळहाताचा आडोसा धरून बोलायला लावलं, तेव्हा तेच वाक्य डिजिटलवरही नीट आलं. लूमवाल्याला हे जमलं, कारण त्याचा एक हात मोकळा होता आणि तोंडावर मास्क नव्हता. एका हातात ब्रँच, म्हणजे होजचं तोंड, आणि दुसरा हात भिंतीवर असलेल्या फायरमनने आडोसा कशाने धरायचा?

हा काही एकट्या सोलापुरी रेडिओ मेकॅनिकचा चाळा नाही. 2008 साली अमेरिकी सरकारच्या एनटीआयए या दूरसंचार खात्याने कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत आगीच्या जागेवरचे आवाज घेऊन दोन्ही पद्धती तपासल्या. तिथल्या जवानांच्या तक्रारी वाढल्या होत्या आणि फायर चीफ मंडळींच्या संघटनेने विषय लावून धरला होता. मास्कमधून बोलणं, करवत, पंप, धोक्याचे भोंगे, सगळं त्यात होतं. काही गोंगाटांत दोन्ही पद्धती सारख्या ठरल्या, काहींत दोन्ही आपटल्या; पण गोंगाट आणि मास्क एकत्र आल्यावर जिथे फरक पडला तिथे ॲनालॉगचं बोलणं जास्त कळलं. तेव्हापासून व्होकोडर सुधारलेत, चांगल्या संचांत दोन-दोन माइक लावून गोंगाट वेगळा काढायची सोय आलीय. म्हणूनच मी 'डिजिटल घेऊच नका' असं म्हणत नाही, 'तपासून घ्या' म्हणतोय. मात्र सुधारणा झाली हे माहितीपत्रकावरून ठरवू नका.

त्यातही एक आवाज वेगळा काढून सांगावासा वाटतो. बीए सेटचा, म्हणजे जवानाच्या पाठीवरच्या श्वसनयंत्राचा, सिलिंडर भरलेला असताना 300 बारचा असतो आणि दाब साधारण 55 बारवर आला की शिट्टी सुरू होते: हवा संपत आलीय, बाहेर निघा. ही शिट्टी मुद्दाम कर्कश केलेली असते आणि बहुतेक सेटमध्ये ती छाती-खांद्याच्या आसपास, म्हणजे वायरलेसच्या माइकच्या शेजारीच वाजते. म्हणजे जवानाला "मी अडकलोय, पायावर माल पडलाय" हे सांगायची वेळ येते, नेमकी तेव्हाच व्होकोडरला सगळ्यात त्रास देणारी गोष्ट माइकला खेटून वाजत असते. चाचणीत ही शिट्टी नसेल तर त्या चाचणीला अर्थ नाही.

पुढचा मुद्दा रिपीटरचा, म्हणजे उंचावर बसून सिग्नल घेऊन तो पुन्हा पुढे सोडणाऱ्या यंत्राचा. यात दोष डिजिटलचा कमी आणि प्रोग्रॅमिंगचा जास्त, पण भोगावं जवानालाच लागतं. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने नवे डिजिटल सेट घेतले. बसवणाऱ्याने सगळे चॅनेल उंचावरच्या रिपीटरमार्फत लावून दिले, कारण पल्ला छान मिळतो. हंगामात एका रात्री लाइट गेली आणि रिपीटरची बॅटरी आधीच बसलेली होती. बॉयलरच्या एका अंगाला एक माणूस, दुसऱ्या अंगाला दुसरा, मधे जेमतेम बस उभी राहील एवढं अंतर, दोघांच्या हातात नवेकोरे सेट, आणि बटण दाबलं की नुसता 'टूंऽऽ'. डिजिटल संच आधी रिपीटरला हाक मारतो. उत्तर आलं नाही तर तो बोलूच देत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते 'सेट खराब आहेत' म्हणून. सेट ठणठणीत होते.

आता हीच गोष्ट तळघरात लावून बघा. रिपीटर कुठेतरी पाण्याच्या टाकीवर, जवान जमिनीच्या खाली, आणि त्याचा जोडीदार जिन्याच्या वरच्या पायरीवर. थेट चॅनेल असेल तर एवढ्या अंतराला साधा सेटही पुरतो. रिपीटरवरून जायचं म्हटलं तर दोघांमध्ये अख्खं शहर येतं.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने 2001 च्या मार्चमध्ये नवे डिजिटल हँडसेट वापरात आणले. काही दिवसांतच क्वीन्स भागात एका घराच्या तळघरात अडकलेल्या जवानाने मदत मागितली आणि ती जागेवरच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही. जवान वाचला, सेट परत घेतले गेले. त्यानंतर सहा महिन्यांनी 11 सप्टेंबरला तिथले जवान जुने ॲनालॉग सेट घेऊनच मनोऱ्यांत शिरले, आणि तिथे त्या ॲनालॉगनेही दगा दिला. बाहेर पडा असा आदेश वरच्या मजल्यांवर अनेकांपर्यंत पोचलाच नाही; रिपीटर चालू आहे की नाही यावरूनच तळमजल्यावर घोळ झाला. त्या दिवशी 343 जवान गेले. हे दोन्ही सांगतोय, नाहीतर 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. पुढे तेच डिजिटल सेट ॲनालॉगवर लावून पुन्हा वापरात आले. लंडनला 14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली. त्याच्या चौकशीच्या पहिल्या अहवालात, हेल्मेट आणि बीए सेट घातलेल्या जवानाला उंच इमारतीत खालच्या अधिकाऱ्याशी नीट बोलता येईल अशी साधनं द्या, असं स्वतंत्र कलम आहे. एवढ्या श्रीमंत शहराला हे चौकशी अहवालात लिहून घ्यावं लागलं.

थेट चॅनेल डिजिटलमध्येही मिळतो, मग ॲनालॉगचाच हट्ट का, असं तुमचा सल्लागार विचारेल. गोंगाटाचं कारण वर आलंच. दुसरं कारण एकाच वेळी दोघांनी बटण दाबण्याचं. आगीत हे दर मिनिटाला होतं. ॲनालॉगवर जोराचा सिग्नल वर येतो आणि दोन्ही सारख्या जोराचे असले तर किंचाळी ऐकू येते. काही कळलं नाही तरी आणखी कुणीतरी बोलत होतं, हे बाहेरच्या अधिकाऱ्याला कळतं आणि तो पुन्हा विचारतो. डिजिटलवर एकाचं येतं किंवा कुणाचंच येत नाही, आणि दुसरा बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. त्यातच बरेच सेट 'चॅनेल मोकळा असेल तरच बोलू द्या' अशा सेटिंगवर लावून दिलेले असतात. हॉटेलच्या लॉबीत तो शिष्टाचार शोभतो. धुरात अडकलेल्याला सेटने 'थांबा' म्हणायचं म्हणजे कमालच झाली.

तिसरं कारण बाहेरून येणाऱ्या बंबांचं. आग मोठी असली की आपल्या गाड्यांच्या जोडीला एमआयडीसी, मोठे कारखाने, आजूबाजूच्या नगरपरिषदा, जिथून मिळेल तिथून बंब बोलावले जातात. ॲनालॉगवर एक फ्रीक्वेन्सी आणि एक टोन जुळला की सगळे एका चॅनेलवर. डिजिटलमध्ये डीएमआर आणि टेट्रा या दोन पद्धतींचं एकमेकांशी मुळातच पटत नाही, आणि दोघांकडे डीएमआर असला तरी कलर कोड, स्लॉट, टॉकग्रुप ही आतली सगळी सेटिंगं जुळावी लागतात. हे जुळवायला लॅपटॉप आणि केबल लागते. पहाटे आगीच्या जागी लॅपटॉप घेऊन कोण बसणार? जिल्ह्यातल्या सगळ्या दलांनी मिळून एक ॲनालॉग थेट चॅनेल ठरवला, प्रत्येक सेटमध्ये तो एकाच खाचेवर टाकला आणि आलेल्या बंबाला 'खाच अमुक' एवढं सांगितलं की काम झालं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला हे एका बैठकीत करून घेता येईल. मुहूर्त पाहायला नको.

खाचेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सेटच्या माथ्यावरची चकती बहुधा 16 खाचांची असते. जाड हातमोजा, डोळ्यासमोर धूर, पडद्यावरचा आकडा दिसत नाही. अशा वेळी चकती एका बाजूला शेवटपर्यंत फिरवली की थांबावी आणि तिथे आगीच्या जागेचा थेट चॅनेल असावा. अंधारात बोटांनाच सापडेल असा. निविदेत ही एक ओळ टाकायला पैसा लागत नाही, पण ती कुणी टाकत नाही, कारण निविदा लिहिणाऱ्याने हातमोजा घातलेला नसतो.

सध्या आणखी एक माल बाजारात जोरात आहे, सिमकार्डवर चालणारे वॉकीटॉकी. दिसायला वायरलेस, आतून मोबाईल. सोलापुरातून दिल्लीशी बोला म्हणतात. आपल्याला दिल्लीशी बोलायचं नाही, जिन्याखालच्या माणसाशी बोलायचंय. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मोबाईलची काय अवस्था होते ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि मोठ्या आगीच्या भोवतीही अशीच गर्दी जमून प्रत्येक जण व्हिडिओ पाठवत असतो. मोबाईलचा टॉवर पालिकेचा नाही, त्याची वीज आपल्या हातात नाही. हे सेट पाणीपुरवठा खात्याला द्या, तिथे उत्तम.

मग डिजिटल कशासाठी घ्यायचं? बरंच काही आहे. बटण दाबणाऱ्याचा क्रमांक कंट्रोलच्या पडद्यावर येतो, त्यामुळे धापा टाकणाऱ्याला 'कोण बोलतंय' हे विचारावं लागत नाही. आणीबाणीचं बटण आहे. माणूस आडवा पडून हालचाल थांबली तर काही संच आपोआप इशारा देतात. एका रिपीटरवर दोन संभाषणं चालतात. डीएमआर संच बोलताना निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरी जास्त टिकते. शहराच्या एका टोकाची गाडी आणि कंट्रोल यांच्यातलं बोलणं स्वच्छ येतं आणि रेकॉर्डही होतं. ही सगळी कामं गाडीपासून कंट्रोलपर्यंतची आहेत, तिथे मास्क नाही आणि शिट्टीही नाही. आणि सुदैवाने डीएमआरचे बहुतेक संच दोन्ही पद्धतींत चालतात. म्हणजे तुम्हाला दोनदा पैसे घालायचे नाहीत. कुठल्या खाचेवर काय, एवढंच शहाणपणाने ठरवायचंय. लायसन दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाकडून, येतं आणि त्यात प्रक्षेपणाचा प्रकार नोंदलेला असतो. अर्ज करतानाच ॲनालॉग आणि डिजिटल दोन्हींची नोंद मागा. 'आता सगळं डिजिटल' म्हणून ॲनालॉगची नोंद एकदा सोडून दिली की परत मिळवायला पुन्हा पत्रव्यवहार आला.

चाचणी कशी घ्यावी, याबद्दल माझं मत विचारलंत तर असं. चार जागा निवडा: एमआयडीसीतली चालू लूम शेड, पूर्व भागातल्या बोळातलं खाली माग आणि वर बिऱ्हाड असलेलं घर, एखाद्या नव्या उंच इमारतीचा जिना आणि एक तळमजल्याखालचं पार्किंग. आत जवान पूर्ण पोशाखात, बीए सेट लावून, मास्कमधून बोलेल. बाहेर बंबाचा पंप चालू. आतल्याने एकदा नुसतं बोलावं, एकदा शिट्टी वाजत असताना, एकदा दुसऱ्या सेटवरून कुणी मुद्दाम मधे घुसत असताना. बाहेर पंपाशेजारी बसलेला जवान जे ऐकेल ते कागदावर लिहील. चॅनेल ॲनालॉग आहे की डिजिटल हे त्याला सांगायचं नाही. शब्द कामातलेच हवेत आणि एकमेकांत घुसणारे हवेत: सात आणि साठ, खाली आणि खोली, आत आणि हात. 'हॅलो, टेस्टिंग' हे वाक्य चाचणीतून बादच करा, ते आधीच माहीत असल्यामुळे न ऐकताही कळतं.

आणि हो, चाचणी मराठीतच अडकवू नका. घाबरलेला माणूस घरच्या भाषेत बोलतो. आपल्या गावात ती तेलुगू असेल, कन्नड असेल, उर्दू असेल. कंट्रोलला मेसेज देताना सगळे नेमक्या मराठीत बोलतात. पायाखालचा स्लॅब हलला की कुणी भाषा निवडत बसत नाही. ज्या जवानाची जी भाषा, तिच्यात त्याला आतून ओरडू द्या आणि बाहेरच्या जोडीदाराला किती कळतंय ते पाहा.

कागदावरचे निकाल विक्रेत्यासमोर वाचून दाखवा. संच बोलणं नीट पोचवत असेल तर तो कुठल्या पद्धतीचा यावरून मी भांडत बसणार नाही. डिजिटलने ॲनालॉगला आपल्या लूम शेडमध्ये शिट्टी वाजत असताना हरवलं, तर आगीच्या जागेचा चॅनेलही डिजिटल करा, माझी हरकत नाही.

खर्च म्हणाल तर एक दिवस, थोडं डिझेल आणि काही सिलिंडरची हवा. दरवर्षी 14 ते 20 एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 1944 च्या 14 एप्रिलला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीच्या स्फोटात 66 जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या आठवड्यात शाळांपुढे, चौकांत प्रात्यक्षिकं होतातच. त्यातला एक दिवस या चाचणीला द्या आणि ती लोकांसमोर घ्या. लूम शेड मिळवून द्यायची जबाबदारी माझी. तुलनेसाठी लागणारे दोन्ही पद्धतींचे संच, मोजायची साधनं आणि लायसनच्या चौकटीत बसेल ते सगळं मी फुकट आणेन.

आपला,
एक वायरलेस दुरुस्तीवाला, सोलापूर

ता. क. निविदेत संचांच्या संख्येइतक्याच जादा बॅटऱ्या आणि खांद्याला अडकवायचे वेगळे माइक धरा. माझ्या बाकावर येणाऱ्या दहा 'बिघडलेल्या' सेटपैकी निम्म्यांना बॅटरीपलीकडे काही झालेलं नसतं, आणि कमरेला लावलेल्या सेटवर वाकून बोलणाऱ्याचा आवाज ॲनालॉगवरही कळत नाही.